पहिल्या आठवड्याची मात्रा आणि आयुष्यभराची जपणूक

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचा लेखी पाठ)



सुवर्णमहोत्सव हा जसा आनंदाचा, तसाच ताळेबंद मांडण्याचाही प्रसंग असतो. समाजाच्या दानशीलतेविषयी कोणालाही शंका नाही. एखाद्या घरी मूत्रपिंड निकामी झाल्याची वार्ता आली की शस्त्रक्रियेसाठी निधी उभा राहतो आणि रुग्ण घरी परतला की कार्य तडीस गेल्याचे समाधान लाभते. वस्तुतः प्रत्यारोपणाचे यश शस्त्रक्रियेच्या टेबलावर पूर्ण होत नसते. पहिल्या आठवड्यात दिल्या जाणाऱ्या एका औषधाच्या मात्रेवर आणि त्यानंतर रोज, न चुकता घ्यावयाच्या गोळ्यांवर ते अवलंबून असते. ही मात्रा म्हणजे काय, ती कमी-अधिक झाल्यास काय घडते आणि या कामी समाजाचे कर्तव्य कोणते, एवढाच या भाषणाचा विषय आहे. उपचाराचा निर्णय अर्थातच डॉक्टरांचा. परंतु त्यामागील विचार घरच्यांना कळला तर रुग्णाची साथ अधिक डोळसपणे करता येते.

मानवी शरीरात परक्याला ओळखणारे पहारेकरी असतात. रक्तातील पांढऱ्या पेशींपैकी ‘टी’ पेशी हे काम करतात. रोगजंतू शिरला की त्याचा नायनाट करणे हा त्यांचा धर्म. दुर्दैव असे की, आईने लेकराला दिलेले मूत्रपिंडही त्यांना परकेच वाटते. त्या त्यावर तुटून पडतात आणि उत्तम बसविलेला अवयव शरीर नाकारते. १९५४ साली २३ डिसेंबर रोजी अमेरिकेतील बोस्टन येथे डॉ. जोसेफ मरे यांनी जगातील पहिले यशस्वी मूत्रपिंड प्रत्यारोपण केले, ते रोनाल्ड आणि रिचर्ड हेरिक या एकसारख्या जुळ्या भावांमध्ये. दोघांचे शरीर जणू एकाच ठाणातील कापड होते, म्हणून नकाराचा प्रश्न उद्भवला नाही. रिचर्ड पुढे आठ वर्षे जगला आणि डॉ. मरे यांना १९९० मध्ये नोबेल पारितोषिक लाभले. परंतु जुळा भाऊ किती जणांच्या नशिबी असणार? इतरांसाठी पहारेकऱ्यांना शांत करणारी औषधे शोधणे अपरिहार्य ठरले.

आपल्या देशात १९६५ साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात पहिला प्रयत्न झाला, तर १९७१ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात जिवंत दात्याच्या मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण यशस्वी झाले. त्या काळी अ‍ॅझाथायोप्रिन आणि स्टेरॉइड या दोन औषधांवरच मुख्य भिस्त होती. नॉर्वेच्या मातीत सापडलेल्या एका बुरशीपासून सायक्लोस्पोरिन निर्माण झाले व १९८३ मध्ये त्यास अमेरिकेत मान्यता मिळाली. त्यानंतर जपानच्या मातीतील सूक्ष्म जीवापासून टॅक्रोलिमस मिळाले. या औषधांनी प्रत्यारोपणाचे चित्रच पालटले. आज नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न सुपर स्पेशालिटी रुग्णालयात २०१६ पासून प्रत्यारोपण होत आहे. जी शस्त्रक्रिया एके काळी मुंबई-वेल्लोरचीच मानली जाई, ती विदर्भातील रुग्णाला घराजवळ उपलब्ध झाली आहे.

आता मूळ मुद्दा. नव्या अवयवाला नाकारण्याचा धोका पहिल्या काही आठवड्यांत सर्वाधिक असतो. म्हणून शस्त्रक्रियेच्या वेळी व लगतच्या दिवसांत एक प्रभावी औषध शिरेवाटे दिले जाते. त्यास डॉक्टर ‘इंडक्शन’ म्हणतात. मराठीत त्यास प्रारंभिक प्रतिकारशमन म्हणता येईल. यात प्रामुख्याने दोन औषधे वापरली जातात.

पहिले बॅसिलिक्सिमॅब. टी पेशींना ‘संख्या वाढवा’ असा जो रासायनिक संदेश मिळतो, तो स्वीकारण्याची जागाच हे औषध अडवून ठेवते. पेशी मरत नाहीत, मात्र त्यांची फौज वाढत नाही. प्रौढ व्यक्तीस शस्त्रक्रियेपूर्वी २० मिलिग्रॅम आणि चौथ्या दिवशी पुन्हा २० मिलिग्रॅम, अशी याची ठरलेली मात्रा आहे. रुग्ण सडपातळ असो वा स्थूल, माप एकच.

दुसरे अँटिथायमोसाइट ग्लोब्युलिन, ज्यास रुग्णालयात थोडक्यात ‘एटीजी’ म्हणतात. मानवी पेशी सशाच्या शरीरात टोचून त्याच्या रक्तात जी प्रतिपिंडे तयार होतात, ती शुद्ध करून हे औषध बनते. ते टी पेशींची संख्याच घटविते. म्हणून ते अधिक बलवान आणि म्हणूनच अधिक जपून वापरावयाचे. याची मात्रा वजनावर ठरते. सर्वाधिक प्रचलित प्रकारात एका वेळची मात्रा बहुधा दर किलोस दीड मिलिग्रॅम असते. ५० किलोच्या रुग्णास ७५ मिलिग्रॅम, ६० किलोच्या रुग्णास ९० मिलिग्रॅम. पहिली मात्रा किमान सहा तास संथपणे सोडतात आणि तत्पूर्वी ताप वा अ‍ॅलर्जी उद्भवू नये म्हणून अन्य औषधे देतात. शिंपी ज्याप्रमाणे अंगाचे माप घेतल्यावाचून कात्री लावत नाही, त्याप्रमाणेच डॉक्टर वजन व रक्ततपासणी पाहिल्यावाचून ही मात्रा ठरवीत नाहीत. पांढऱ्या पेशी तीन हजारांच्या किंवा प्लेटलेट पाऊण लाखाच्या खाली आल्यास मात्रा निम्मी करण्याचा आणि त्या अनुक्रमे दोन हजार व पन्नास हजारांच्याही खाली गेल्यास औषध थांबविण्याचा विचार करावा, असा दंडक आहे. एटीजीचेही निरनिराळे प्रकार बाजारात आहेत व त्यांचे सामर्थ्य सारखे नाही. एकाच्या मिलिग्रॅमचा हिशेब दुसऱ्यास लावता येत नाही. दोन रुग्णांच्या नातेवाइकांनी प्रतीक्षागृहात मात्रांची तुलना करून चिंतित होऊ नये, ते याच कारणाने.

असे दीड मिलिग्रॅमचे किती दिवस द्यावयाचे, हाच खरा विवेकाचा प्रश्न. प्रारंभीच्या काळात चार ते सात दिवस देऊन एकूण मात्रा दर किलोस सहा ते दहा मिलिग्रॅमपर्यंत नेली जात असे. अनुभवांती ती उतरत गेली. आज अनेक केंद्रे एकूण तीन ते साडेचार मिलिग्रॅमवर थांबतात आणि भारतातील कित्येक केंद्रे दीड ते तीनमध्येच समाधान मानतात. साठ किलोच्या रुग्णाचा हिशेब पाहू. २५ मिलिग्रॅमची एक कुपी धरली तर एका दिवसाला चार कुप्या लागतात. चार दिवसांना सोळा, दोन दिवसांना आठ. खर्चात फरक पडतोच. पण त्याहून मोठा फरक शरीरावर पडतो.

कारण पहारेकरी झोपविले की चोरांचेही फावते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका महत्त्वाच्या अभ्यासात मृत दात्याचे मूत्रपिंड मिळालेल्या, अधिक जोखमीच्या २७८ रुग्णांमध्ये या दोन औषधांची तुलना झाली. एटीजी दिलेल्यांपैकी १५.६ टक्के रुग्णांत, तर बॅसिलिक्सिमॅब दिलेल्यांपैकी २५.५ टक्के रुग्णांत वर्षभरात तीव्र नकार आढळला. बलवान औषधाचा लाभ येथे स्पष्ट दिसतो. परंतु त्याच अभ्यासात जंतुसंसर्गाचे प्रमाण एटीजी गटात ८५.८ टक्के, तर दुसऱ्या गटात ७५.२ टक्के होते आणि वर्षअखेर रुग्ण व मूत्रपिंड टिकून राहण्यात दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. २०१६ साली जर्मनीतील ६१५ कमी जोखमीच्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दोन्ही औषधांच्या गटांत नकाराचे प्रमाण दहा-अकरा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे जवळपास समानच राहिले. जोखीम मोठी असेल तेथे बलवान औषध उपकारक, जोखीम लहान असेल तेथे त्याचा अतिरिक्त लाभ दिसत नाही, हा या आकड्यांचा बोध. २००९ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात: सर्वसाधारण रुग्णास प्रथम बॅसिलिक्सिमॅबच्या वर्गातील औषध आणि अधिक जोखमीच्या रुग्णास एटीजीसारखे औषध.

आपल्या देशात क्षयरोग अद्याप घरोघरी परिचित आहे. पावसाळ्यात पोटाचे व बुरशीचे विकार बळावतात. त्यामुळे येथील अनेक डॉक्टर एटीजीची मात्रा राखून वापरतात. ही काटकसर म्हणून केलेली दुय्यम चिकित्सा आहे, असा गैरसमज कोणीही करून घेऊ नये. व्यापारी मनाला ‘महाग ते उत्तम आणि अधिक ते सुरक्षित’ असे सहज वाटते. येथे ते खरे नाही. तसेच याच्या उलट, खर्च वाचावा म्हणून मात्रा कमी करण्याचा आग्रह धरणेही तितकेच घातक. कारण अधिक जोखमीच्या रुग्णास अपुरी मात्रा दिल्यास नकार ओढवतो आणि त्यावरील उपचार मूळ मात्रेहून महाग पडतो.

जोखीम अधिक कोणाची? ज्यांचे पूर्वी प्रत्यारोपण झाले आहे, ज्यांना अनेकदा रक्त चढविले गेले आहे, ज्या भगिनींची एकाहून अधिक बाळंतपणे झाली आहेत आणि ज्यांच्या रक्तात परक्या पेशींविरुद्धची प्रतिपिंडे आधीच आढळतात, त्यांची. गर्भावस्थेत स्त्रीच्या शरीराला पतीच्या अंशाची ओळख झालेली असते. म्हणून पतीचे वा अपत्याचे मूत्रपिंड पत्नीस देताना विशेष तपासण्या केल्या जातात. यातून एक व्यावहारिक सूचना निघते. डायलिसिसच्या काळात अशक्तपणा दिसला की ‘एक बाटली रक्त चढवा’ असा आग्रह नातेवाइकांनी धरू नये. रक्तवाढीची इंजेक्शने वेळेवर घ्यावीत व रक्त चढविण्याचा निर्णय डॉक्टरांवर सोपवावा. अनावश्यक रक्ताची प्रत्येक पिशवी उद्याच्या प्रत्यारोपणाची वाट कठीण करू शकते.

अहिंसाधर्मी समाजात एक प्रश्न स्वाभाविकपणे उपस्थित होतो. एटीजी सशापासून मिळते, हे सांगितले. बॅसिलिक्सिमॅब प्रयोगशाळेत वाढविलेल्या पेशींपासून बनते. पण त्या पेशींचे मूळही उंदराच्या पेशींतच आहे. अनेक कॅप्सूलांचे कवच जिलेटिनचे असते. ही वस्तुस्थिती लपविणे उचित नाही आणि तिच्या नावाखाली रुग्णावर दडपण आणणेही उचित नाही. उचित हे की, शस्त्रक्रियेपूर्वी, शांत चित्ताने डॉक्टरांना विचारावे: रुग्णाची जोखीम कमी आहे काय, आणि दुसरे औषध पुरेसे ठरेल काय? पर्याय असल्यास तो स्वीकारावा. पर्याय नाही असे डॉक्टर म्हणाले, तर निर्णय रुग्णाचा व त्याच्या कुटुंबाचा राहील. तो त्यांनी गुरुजनांच्या मार्गदर्शनाने घ्यावा आणि समाजाने त्यावर टीका करू नये. एका बाजूला औषधाचे मूळ आहे, तर दुसऱ्या बाजूला आपले मूत्रपिंड काढून देणारी माता आहे. तिचा त्याग व्यर्थ जाणे हीदेखील लहान हानी नव्हे.

पहिला आठवडा सरला की दीर्घ प्रवास सुरू होतो. टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि स्टेरॉइड ही त्रयी बहुतेकांना घ्यावी लागते. येथेही मर्यादेचाच महिमा आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या, १,६४५ रुग्णांच्या अभ्यासात टॅक्रोलिमसच्या कमी मात्रेच्या गटात नकाराचे प्रमाण १२.३ टक्के होते, तर सायक्लोस्पोरिनच्या नेहमीच्या मात्रेच्या गटात २५.८ टक्के, आणि मूत्रपिंडाचे कार्यही कमी मात्रेच्या टॅक्रोलिमस गटातच सर्वोत्तम राहिले. हे औषध स्वतःच अधिक झाल्यास मूत्रपिंडास अपाय करते व कमी झाल्यास नकारास वाट देते. म्हणून सकाळची मात्रा घेण्यापूर्वी रक्त देऊन त्याची पातळी मोजावयाची असते. तपासणीच्या दिवशी आधीच गोळी घेऊन गेल्यास तो आकडा फसवा ठरतो.

सामान्य टॅक्रोलिमस दर बारा तासांनी घ्यावे लागते. रात्रिभोजनत्याग करणाऱ्यांपुढे येथे अडचण येते. डिसेंबरात नागपूरचा दिवस अकरा तासांहूनही किंचित लहान असतो. सूर्योदय ते सूर्यास्त या वेळात बारा तासांचे अंतर बसतच नाही. यावर मार्ग आहेत. डॉक्टरांच्या संमतीने पहाटे पाच व सायंकाळी पाच अशी वेळ ठरविता येते. काही रुग्णांना दिवसातून एकदाच घ्यावयाचा प्रकारही मानवतो, मात्र तो परस्पर बदलावयाचा नाही. आजारपणात औषधापुरती सूट ठेवून नियम घेण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. पर्युषणात उपवासाचा भाव मनात दाटून येतो; परंतु निर्जल उपवासाने शरीरातील पाणी घटते, मूत्रपिंडावर ताण येतो व गोळीही चुकते. अशा रुग्णाने स्वाध्याय, सामायिक, मौन यांतून तप साधावे आणि घरच्या वडीलधाऱ्यांनीच त्यास तसे सांगावे. कारण संकोचामुळे रुग्ण स्वतः बोलत नाही.

आणखी दोन पथ्ये. ग्रेपफ्रूट आणि पपनस ही फळे टॅक्रोलिमसची रक्तातील पातळी वाढवितात. ती वर्ज्य करावीत. तसेच गुळवेलीसारखे, प्रतिकारशक्ती वाढविण्याच्या हेतूने घेतले जाणारे काढे हितचिंतक मोठ्या प्रेमाने आणून देतात. ज्या शक्तीला शांत ठेवण्यासाठी औषध चालू आहे, तिलाच चेतविण्याचा हा प्रयत्न होय. अन्य कोणतेही औषध, क्षयरोगाचे असो वा साध्या तापाचे, प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांना विचारल्यावाचून सुरू करू नये. क्षयरोगावरील रिफाम्पिसिनने टॅक्रोलिमसची पातळी एकाएकी घसरते.

आता समाजाच्या कर्तव्याकडे वळू. हिशेबशास्त्रात भांडवली खर्च व महसुली खर्च असे दोन भाग असतात. यंत्र विकत घेतले पण त्याच्या तेला-दुरुस्तीची तरतूद केली नाही, तर यंत्र गंजते आणि भांडवल बुडते. प्रत्यारोपणाच्या बाबतीत समाजाचे दान बहुतांशी भांडवली खर्चाकडे वाहते. शस्त्रक्रियेसाठी महाराष्ट्र शासनाची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनाही आहे. मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठीची तिची अडीच लाखांची मर्यादा २०२३ च्या शासन निर्णयाने साडेचार लाखांवर नेण्यात आली. परंतु दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या वर्षी दरमहा येणारे औषधांचे बिल कोण भरणार? दुकानातील नोकरी गेलेला गृहस्थ प्रथम एक गोळी अर्धी करतो, नंतर आठवड्यातून दोन दिवस वगळतो. काहीही दुखत नाही. म्हणून त्यास वाटते की सर्व ठीक आहे. क्रिएटिनिन वाढल्याचे कळते, तेव्हा उशीर झालेला असतो आणि पुन्हा डायलिसिसची खुर्ची वाट्यास येते. त्या दिवशी शस्त्रक्रियेचे दान, आईचे मूत्रपिंड आणि पहिल्या आठवड्यात तोलून-मापून दिलेली मात्रा, सर्वच एकदम बुडते.

म्हणून सुवर्णमहोत्सवी वर्षात विश्वस्त मंडळापुढे तीन विनम्र सूचना ठेवाव्याशा वाटतात. पहिली, प्रत्यारोपणासाठी मदत मंजूर करताना त्या रकमेचा एक निश्चित भाग पुढील वर्षांच्या औषधांसाठी राखून ठेवावा व तो दरमहा थेट औषध दुकानास द्यावा. दुसरी, प्रत्येक रुग्णामागे एक कार्यकर्ता नेमावा. त्याने महिन्यातून एकदा फोन करून केवळ तीन गोष्टी विचाराव्यात: गोळ्या शिल्लक आहेत काय, रक्ततपासणी झाली काय, ताप आला होता काय. यासाठी मोठा निधी लागत नाही, आस्था लागते. तिसरी, मरणोत्तर अवयवदानाचे संकल्पपत्र भरण्याचे शिबिर घ्यावे. विदर्भासाठी नागपुरात विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र कार्यरत आहे; मेंदू-मृत व्यक्तीच्या कुटुंबाने संमती दिल्यास त्या केंद्रामार्फत प्रतीक्षायादीतील रुग्णास अवयव मिळतो. ज्यांच्या घरी जुळणारा दाता नाही, त्यांच्यासाठी हीच एक आशा असते.

अधिक दिले तर संसर्ग, कमी दिले तर नकार. या दोहोंच्या मधली अरुंद पायवाट डॉक्टर मात्रेने आखून देतात. तिच्यावरून वर्षानुवर्षे चालावयाचे असते ते रुग्णाला. त्याच्या हातातील औषधाची डबी महिन्याच्या शेवटच्या दिवशीही रिकामी राहू नये, एवढी व्यवस्था या संस्थेने केली तर पुढील पन्नास वर्षांच्या कार्याचा तो शुभारंभ ठरेल.